हसत गेली

लोक विचारतात, बाई, इतकी मुलं हाताखालून गेली, आठवतात का हो सगळी? मी हो म्हणते. कशाची आठवतात, कपाळ माझं! दहा-बारा आठवतात, तीही खोड्यांमुळे. एकाने नाकात हरभरा घातला होता आणि दोन दिवस कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. एक रोज स्वतःचा डबा खाऊन झाला की माझा उघडायचा. आणि एक मुलगी आठवते. तिने खोडी अशी कधीच काढली नाही. तिचं नाव मी सांगणार नाही, कोणाचंच सांगणार नाही. चार वर्षांची होती. तिला मी माझ्या हाताने दिली.

आमची बालवाडी विक्रोळीला, खाडीच्या बाजूच्या चाळींमध्ये होती. बालवाडी म्हणजे मंडळाची एक खोली. संध्याकाळी तिथे कॅरम चालायचा, गणपतीत मूर्ती बसायची, आणि सकाळी नऊ ते साडेबारा आम्ही. पोटमाळ्यावर मखराच्या लाकडी पट्ट्या, खाली आमची सतरंजी. चोवीस मुलं, मी आणि एक मावशी. मावशी मुलांना शू-शीला न्यायच्या, खाऊ वाटायच्या, आणि दुपारी खोली झाडून कुलूप लावायच्या. निम्मी मुलं कोकणातल्या घरांतली, निम्मी पलीकडच्या विहाराजवळच्या चाळींतली. घरी कोणी मालवणी बोलायचं, कोणी घाटावरची बोली, पण भांडताना सगळी एकाच भाषेत भांडायची.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, बालवाडीचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला, आणि तोंडाने फटकळ. आताही आहे. पण कामात मी चोख होते, हे मला सांगू दे, कारण पुढे जे सांगायचंय त्यात माझ्या बाजूचं फार काही नाही. पाण्याच्या पिंपावर झाकण आणि झाकणावर वरवंटा, हा माझा नियम. मुलांच्या फ्रॉकला सेफ्टी पिन दिसली की मी आईला दारातच ती काढायला लावायची. एकदा मंडळाच्या कोणीतरी दाढी करून ब्लेड खिडकीत ठेवलं होतं. मी त्या पोरांना असं काही झाडलं की महिनाभर ती माझ्यासमोर यायला टरकत होती. मुलं दिवसातून तीनदा मोजायची, आल्यावर, खाऊच्या वेळी, जाताना. चार वर्षांत एकाही मुलाला टाका घालावा लागला नव्हता. मला त्याचा गर्व होता, तो सरळ सांगते.

आणि माझी आणखी एक ख्याती होती. जूनचे पहिले पंधरा दिवस बालवाडीत नुसती रडारड असते. मूल आईच्या पदराला लटकतं, आईला कामाला उशीर होत असतो, आई रडते, मूल रडतं, मग ते पाहून बाकीची तेवीस रडतात. तेव्हा सगळ्या बाया म्हणायच्या, बाईंकडे द्या, बाईंचा हात लागला की सुटतं. खरंच सुटायचं. त्यात जादू काही नव्हती. मूल मूठ आवळून धरतं तेव्हा सगळा जोर अंगठ्यात असतो. तो ओढायला गेलं की ते आणखी घट्ट धरतं. आपण करंगळीपासून सुरुवात करायची. करंगळी अलगद उचलायची, मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं. तोंडाने काहीतरी बोलत राहायचं, ती बघ चिऊ, कौलावर बसली. अंगठ्यापर्यंत पोचतो तोवर मुलालाच कळत नाही की आपण सोडलंय. मी मावशींनाही शिकवायला गेले होते, त्यांना जमलं नाही. त्या म्हणाल्या, मला दया येते हो बाई.

रडणं हे माझ्यासाठी पावसासारखं होतं. सुरू होतं, थांबतं. एखादं मूल रडतंय म्हणून मी काही थांबवलंय असं कधी झालं नाही. असं मला शिकवलंच होतं. रडण्याकडे लक्ष दिलंत तर ते वाढतं.

ती मुलगी तेवढी रडकी नव्हती. बारीक, केस कुरळे, बसली की एका जागी बसून राहायची. तिची आई जवळच्या एका गाळ्यात प्लास्टिकचे डबे पॅक करायच्या कामाला होती. सकाळी मुलीला सोडायची, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन न्यायची, शेजारणीकडे ठेवायची आणि परत कामावर पळायची. वडील गिरणीत होते. संप लांबला तसे ते गावी गेले, वेंगुर्ल्याच्या बाजूला कुठेतरी. पुष्कळ घरांतले पुरुष असे गेले होते, त्यात कोणाला काही विशेष वाटायचं नाही. मात्र हा गेला तो बायकोला मारून गेला होता, असं मावशी म्हणायच्या. मावशींना सगळ्या चाळीचं माहीत असायचं. मी म्हणायची, मावशी, आपल्याला काय करायच्यात घरच्या भानगडी?

एका सकाळी तिची आई मुलीला सोडून परत फिरली आणि पुन्हा दारात आली. समोर कंपनीचा भोंगा वाजत होता, तिला उशीर होत होता.

"बाई, एक सांगायचं होतं."

"बोला ना."

"हिचे वडील गावाहून आलेत. भावाकडे उतरलेत त्यांच्या. इथे आले तर हिला देऊ नका. मीच येईन न्यायला. मी नाही तर शेजारीण."

"हो हो," मी म्हटलं.

मी तेव्हा एका मुलाचं नाक पुसत होते. मी ते कुठे लिहून ठेवलं नाही, मावशींना सांगितलं नाही. आता कोणी विचारेल, का नाही सांगितलं? कारण अशी सांगणी मी दर आठवड्याला ऐकत होते. सासू आली तर देऊ नका. नणंद आली तर देऊ नका. दोन दिवसांनी तीच सासू हसत दारात उभी आणि सूनबाई मागे, पदर सावरत. घरात भांडण झालं की पहिला निरोप बालवाडीत यायचा, आणि मिटलं की कळवायचं कोणाला सुचायचं नाही. मला वाटलं, हेही तसंच. खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला. म्हटलं, यांची भांडणं, आणि पहारा मी द्यायचा का?

आणि आमच्याकडची रीतही वेगळी होती. मूल कोणाकडे द्यायचं, हे आम्ही मुलाकडे बघून ठरवायचो. दारात कोणी आलं आणि मुलाने मामा म्हणून धाव घेतली, की तो मामा. चाळीत सगळेच काका, सगळेच मामा. घरचा माणूस आहे ना, मग झालं. कोण आलंय ते मावशींना दिसलं की त्या आतून हाक मारायच्या, जा गं, तुझं माणूस आलं. एवढाच कारभार होता.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, शनिवारी, वडील आले. अकरा वाजले असतील. मावशी नळावर पाणी भरायला गेल्या होत्या. मी मुलांना गोलात बसवून पानांचे ठसे काढायला शिकवत होते, सगळ्यांचे हात हिरवे. दारात एक माणूस उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, पायांत नवीन चपला, हातात रेक्झिनची बॅग. त्याच्याबरोबर मंडळाचे सेक्रेटरी होते. हे सेक्रेटरी म्हणजे खोलीचे मालक असल्यासारखेच. त्यांच्या मनात आलं तर उद्या बालवाडी बंद. ते या माणसाच्याच पंचक्रोशीतले होते, आणि हा माणूस गिरणीत असताना दर गणपतीला मंडळाची लायटिंग करायचा. सगळे त्याला ओळखत होते. मीही त्याला दोनदा पाहिलं होतं, शिडीवर चढलेला.

"नमस्कार बाई," तो म्हणाला. "मुलीला न्यायला आलोय."

मला आठवलं. तेव्हाच आठवलं, आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. मी म्हटलं, "हिची आई येते साडेबाराला. थांबा ना तोवर. नाहीतर संध्याकाळी घरी जाऊन भेटा."

"माझ्या चेडवाक न्हेवक माका तुमची परवानगी होयी?" तो एकदम मालवणीवर आला. मग पुन्हा नीट बोलायला लागला. "बाई, मी काय चोर आहे? बाप आहे तिचा. ते तुमचं रजिस्टर काढा. कोणाचं नाव लिहिलंय बघा तिच्यापुढे."

मी रजिस्टर काढलं. का काढलं देव जाणे, मला ते तोंडपाठ होतं. मुलीचं नाव, पुढे त्याचं नाव, पुढे आडनाव. आईच्या नावाला त्या रजिस्टरात रकानाच नव्हता. चोवीस मुलं, चोवीस बाप, आणि दारात रोज उभ्या राहायच्या त्या चोवीस बायांपैकी एकीचंही नाव माझ्याकडे लिहिलेलं नव्हतं. मी त्यांना अमक्याची आई, तमकीची आई म्हणायची. त्या दिवशी ते प्रथमच डोळ्यांत भरलं, आणि तरी मी रजिस्टर मिटलं ते त्याचं म्हणणं पटल्यासारखं.

सेक्रेटरी म्हणाले, "अहो बाई, बाप आहे तो. बापाला कसं नाही म्हणणार? द्या ना, कशाला वाढवताय. मुलं बघतायत."

मुलं बघत होती खरी. हिरवे हात वर धरून.

ती मुलगी उठून माझ्या मागे आली होती. तिने त्याला दीड वर्षांनी पाहिलं होतं, ओळखलं की नाही मला माहीत नाही. तिने माझ्या साडीच्या निऱ्या दोन्ही मुठींत धरल्या. तो पुढे आला आणि म्हणाला, चल, गावाला जायचं, आजी वाट बघते. तेव्हा ती रडायला लागली. मोठ्याने. "बाई, बाई, बाई" एवढंच म्हणत होती.

आणि मी खाली वाकले. मी तिची करंगळी उचलली. मग शेजारचं बोट, मग मधलं. "ती बघ चिऊ," मी म्हटलं, "ती बघ, कौलावर बसली." एक मूठ सुटली, मग दुसरी. निऱ्यांवर तिच्या हाताचे हिरवे डाग पडले. मी तिचा हात त्याच्या हातात दिला. सगळ्याला पाव मिनिट लागलं असेल. त्याने तिला खांद्यावर घेतलं, ती माझ्याकडे तोंड करून होती, रडत होती, आणि ते गल्लीच्या वळणावरून गेले.

मला काही वाटलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण नाही वाटलं. डोक्यावरून एक कटकट गेली एवढंच. मावशी पाणी घेऊन आल्या, त्यांनी खाऊ काढला, मी मुलं मोजली. तेवीस. बरोबर आहेत, मी म्हटलं.

साडेबाराला तिची आई आली. ती नेहमी दारात उभी राहून एक हात पुढे करायची, मुलगी आतून येऊन तो हात धरायची. तसा हात पुढे केला तिने.

"गेली ती," मी म्हटलं. "वडील आले होते."

तिने हात खाली घेतला. मला वाटलं ओरडेल, मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. ती ओरडली नाही.

"किती वाजता?"

"अकरा."

"बॅग होती का हातात?"

"होती."

मावशी खाऊची भांडी घासत होत्या, त्यांच्या हातातून पातेलं खाली पडलं. "अगं बाई! आणि मला काही सांगितलं नाहीत?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मग दोघी पळाल्या. आधी त्याच्या भावाच्या घरी, मग एसटीच्या स्टँडवर. मी बाकीच्या मुलांना घरी पोचवलं, खोली झाडली, कुलूप लावलं. कुलूप लावायचं काम मावशींचं होतं, मी ते पहिल्यांदा करत होते. किल्ली उलटी लावत होते किती वेळ.

संध्याकाळी मला पोलीस चौकीवर बोलावलं. दोघींना स्टँडवर कोणी सापडलं नव्हतं. भाऊ म्हणे मला काही ठाऊक नाही. मुलीची आई बाकावर बसली होती, कामाचाच कळकट गाऊन साडीवर चढवलेला. सेक्रेटरी माझ्याआधी येऊन बसले होते. मी आत शिरताना ते हळूच म्हणाले, "बाई, जपून बोला. बालवाडीचं नाव खराब व्हायला नको. उद्या कोणी मुलं पाठवणार नाही आपल्याकडे."

हवालदार वयस्कर होते, काही दुष्ट नव्हते. त्यांनी आईचं ऐकून घेतलं. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, माझी पोरगी पळवून नेली. मग ते माझ्याकडे वळले.

"तुम्ही बाई का? तुमच्यासमोर नेली?"

"हो."

"ओढूनताणून नेली? जबरदस्ती केली?"

"नाही."

"पोरगी रडत होती का? जात नव्हती का?"

माझ्या निऱ्यांवर अजून तो हिरवा रंग होता. मी साडी बदलली नव्हती. सेक्रेटरी समोर भिंतीकडे बघत होते. मुलीची आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "हसत गेली."

नाही म्हणून थांबता आलं असतं. हसत गेली हे मला कोणी म्हणायला सांगितलं नव्हतं, सेक्रेटरींनीसुद्धा नाही. ते माझ्या तोंडून आपलं आपण निघालं, आणि निघाल्यावर मी ते मागे घेतलं नाही. रडत होती म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. रडत होती, तर मग तुम्ही दिली कशी?

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "मग ताई, यात आम्ही काय करणार? बाप आहे, पोरगी खुशीने गेली. कोर्टात जा. चांगला वकील बघा."

आईने मान हलवली. ती उठली आणि जाताना मला म्हणाली, "येते बाई." मी घरी गेले, साडी बदलली, जेवले. झोप लागली मला त्या रात्री. तेही सांगून टाकते.

नंतर मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. मंडळाच्या बैठकीत ठराव व्हावा तसं सगळे म्हणाले, बाईंची काय चूक, बापाला दिली. इतर आया म्हणाल्या, तुम्ही काय करणार हो बाई. माझ्या नवऱ्यालाही मी तेवढंच सांगितलं, बापाला दिली, आणि तोही म्हणाला, बरोबर केलंस. मला वाटायचं, कोणीतरी दारात येऊन चार शिव्या द्याव्यात. मावशी तेवढ्या दोन-तीन महिने माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मग त्याही पहिल्यासारख्या झाल्या.

मुलीची आई गावी जाऊन आली. तिला अंगणातून आत घेतलं नाही, मुलीला कोणा आत्याकडे ठेवलं होतं, कुठल्या गावात ते कळू दिलं नाही. ती परत आली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. आमच्या खोलीवरूनच तिचा रस्ता होता. सकाळी जायची, दुपारच्या सुट्टीत आता तिला यायचं कारण नव्हतं. दिसली की ती मान हलवायची, मी मान हलवायची.

मी एक गोष्ट केली. पुढच्या जूनमध्ये मी शंभर पानी वही आणली आणि प्रत्येक मुलाला एक पान दिलं. मुलाचं नाव, आईचं नाव, मग बापाचं. खाली, मूल कोणाकडे द्यायचं, दोन नावं. कोणाकडे द्यायचं नाही, तेही. आईची सही किंवा अंगठा. जो माणूस वहीत नाही त्याला मूल मिळणार नाही, मग तो देव असो. सेक्रेटरी हसले, म्हणाले, बाई, ही बालवाडी आहे की बँक? मी म्हटलं, तुम्हाला नको असेल तर दुसरी बाई बघा. दुसरी बाई त्यांनी बघितली नाही. एका मुलाच्या सख्ख्या काकाला मी पाऊण तास दारात उभं केलं, तो शिव्या घालून गेला, मी हलले नाही. कोर्सवाल्या मॅडम तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी ती वही हातात घेऊन दुसऱ्या बालवाड्यांतल्या बायांना दाखवली. म्हणाल्या, असं पाहिजे. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. मी उभी राहिले आणि टाळ्या घेतल्या.

हे सगळं मी करत होते, पण आत काही हालत नव्हतं. मुलं रडली की मी बोटं सोडवायची नाही आता, मावशींना हाक मारायची. त्याने कोणाचं काय भलं होणार होतं ते मला माहीत नाही. मी फक्त ते करत नव्हते.

पाचेक वर्षं गेली. दशक संपत आलं होतं. एका जूनमध्ये, नाव नोंदणीच्या दिवशी, ती मुलीची आई दारात आली. बरोबर तीन वर्षांचा मुलगा, तिच्या भावाचा. भाऊ नुकताच गावाहून बिऱ्हाड घेऊन तिच्याकडे राहायला आला होता. केस पिकायला लागले होते तिचे, पण आवाज तोच, हळू. मी तिला बसायला सतरंजी दिली. वहीचं कोरं पान काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

तिला लिहितावाचता येत होतं. तिने वाचलं. आईचं नाव, बापाचं नाव, कोणाकडे द्यायचं, कोणाकडे नाही. मग मागची चार-पाच पानं उलटून पाहिली, लोकांच्या सह्या, अंगठे.

"चांगलं केलंत बाई हे," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. "तेव्हा असतं तर बरं झालं असतं."

मी पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे ठेवलं.

"तसं असतं तरी काय म्हणा," ती म्हणाली. "ती हसतच गेली ना. तिलाच बाप हवा होता."

मी म्हटलं, "तुम्ही कोर्टात गेला नाहीत?"

"वकिलाकडे गेले होते. घाटकोपरला, स्टेशनजवळ. बरा होता माणूस. म्हणाला, पाच वर्षांच्या आतलं मूल कोर्ट सहसा आईलाच देतं, लवकर अर्ज करा, मी लढतो. कागदसुद्धा तयार केले त्याने." तिने वहीचं पान सरळ केलं. "पण मी सही केली नाही. घरी येऊन रात्रभर विचार केला. म्हटलं, पोलिसांसमोर बाई बोलल्या, हसत गेली. बाई कशाला खोटं बोलतील? माझ्याकडे काय होतं तिला, शेजारणीच्या घरी दिवसभर बसायचं. तिकडे आजी आहे, अंगण आहे. पोर हसत गेली, तर मी कोण तिला कोर्टात ओढणार? सोडून दिलं मग. आता नऊची झाली असेल. आता वकील तरी काय करणार?"

तिचा भाचा मखराच्या पट्ट्यांकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होता. मावशी नळावर होत्या. खोलीत आम्ही तिघंच.

पाच वर्षं माझ्या आत काही हाललं नव्हतं, तेव्हाही हाललं असं मी म्हणणार नाही. चौकीवर निघालं होतं तसंच हेही तोंडून आपलं आपण निघालं.

"रडत होती," मी म्हटलं.

तिला कळलं नाही. "कोण?"

"ती. जाताना. हसत नव्हती. जातच नव्हती. माझ्या निऱ्या धरल्या होत्या तिने, मी सोडवल्या. चौकीवर मी खोटं बोलले."

तिने वहीवरचा हात उचलला नाही. मी म्हटलं, मला मारा, शिव्या द्या, काय करायचं ते करा. तिने ते ऐकलं असं मला वाटत नाही.

"मला हाक मारली का?" तिने विचारलं. "आई म्हणाली का?"

मी हो म्हणू शकले असते. तिला तेच हवं होतं, तोंडाकडे बघून कळत होतं. पण माझ्याच्याने दुसऱ्यांदा झालं नाही.

"नाही," मी म्हटलं. "हाक मला मारत होती. बाई, बाई म्हणत होती."

तिने मान हलवली, चौकीवर हलवली होती तशी. भाच्याला जवळ ओढलं, त्याच्या शर्टाचं बटण लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे तिला वाटलं होतं, तुम्ही देणार नाही."